दमलेले कान : वैमानिकांचा थकवा आणि रेडिओवरच्या चुका

19 फेब्रुवारी 1989 च्या सकाळी 'फ्लाइंग टायगर' कंपनीचे बोइंग 747 मालवाहू विमान सिंगापूरहून क्वालालंपूरला उतरत होते. सुबांग विमानतळाच्या नियंत्रकाला विमान 2,400 फुटांवर आणायचे होते. त्याने आदेश दिला तो असा : 'डिसेंड टू फोर झीरो झीरो'. यातला 'टू' म्हणजे दोन हा आकडा. कॉकपिटमध्ये मात्र तो 'पर्यंत' या अर्थाने ऐकला गेला आणि हातात उरले चारशे. 'ओके, फोर झीरो झीरो', वैमानिकाचे उत्तर गेले. नियंत्रकाने ते ऐकले आणि सोडून दिले. जमीन जवळ येत असल्याचा इशारा देणारे यंत्र वारंवार बोंबलत होते. विमान धावपट्टीच्या अलीकडच्या टेकडीवर आदळले आणि चौघेही कर्मचारी मरण पावले.

हा अपघात नेहमी एकाच कारणासाठी सांगितला जातो : इंग्रजीतले दोन सारखे उच्चार. आज तोच आदेश 'टू थाउजंड फोर हंड्रेड फीट' असा उलगडून द्यावा लागतो. पण कोड्यात टाकणारा भाग उच्चाराच्या पुढचा आहे. डोंगराळ मुलखात, धावपट्टी अजून काही मैल दूर असताना, 400 फुटांवर यायला कोणी सांगत नाही. त्या भागातली किमान सुरक्षित उंची नकाशावर छापलेली असते. असा आकडा कानावर पडला की माणसाने थबकायला हवे, 'पुन्हा सांगा' म्हणायला हवे. इथे आकाशात कोणी थबकले नाही आणि जमिनीवरही कोणी थबकले नाही. थबकण्याची ही शक्ती कशाने जाते आणि ती टिकवण्यासाठी जगाने आजवर काय केले, याचा हा आढावा.

हवाई सुरक्षेच्या कारभारात या प्रश्नाच्या दोन फायली झाल्या आहेत. चुकीचे ऐकणे ही 'संभाषणा'ची फाइल. ती भाषेच्या परीक्षा घेणाऱ्यांकडे आणि शब्दावली ठरवणाऱ्यांकडे असते. थकवा ही 'ड्युटी'ची फाइल. तिच्यावर वैमानिकांच्या संघटना, कंपन्यांचे रोस्टर विभाग आणि न्यायालये भांडतात. अपघातांचे अहवाल एकत्र ठेवून वाचले तर दिसते की या दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतात, आणि नेमक्या त्याच ठिकाणी यंत्रणेने शेवटची जाळी टांगलेली आहे.

उलट म्हणून दाखवण्याची पद्धत

ती जाळी म्हणजे रीडबॅक. नियंत्रक उंची, दिशा, वेग किंवा धावपट्टी सांगतो. वैमानिक तोच मजकूर स्वतःच्या कॉलसाइनसह, म्हणजे रेडिओवरच्या ओळखनावासह, परत म्हणून दाखवतो. नियंत्रकाने ते परतीचे शब्द लक्ष देऊन ऐकायचे आणि चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायची. याला हिअरबॅक म्हणतात. पद्धत साधी आहे, बिनखर्चाची आहे आणि बहुतेक वेळा चोख चालते. अमेरिकेत नव्वदच्या दशकात नियंत्रण कक्षांच्या ध्वनिफिती तपासल्या गेल्या, तेव्हा रीडबॅकमधल्या चुका शंभरात एकाहूनही कमी निघाल्या. पण त्या पाहणीतली दुसरी गोष्ट जास्त बोलकी होती. ज्या आदेशांत पाच किंवा अधिक बाबी एका दमात सांगितल्या होत्या, ते एकूण आदेशांच्या अवघे 4 टक्के होते, आणि चुकांतला त्यांचा वाटा मात्र सुमारे चतुर्थांश होता. म्हणजे कान चुकण्याआधी डोक्यातली जागा संपते.

रेडिओची स्वतःची काही वैगुण्ये आहेत. एका लहरीवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबले की तिसऱ्याला नुसती कर्कश शिट्टी ऐकू येते. सारखे कॉलसाइन ही जुनी डोकेदुखी आहे : एकाच कंपनीची, जवळपास सारख्या क्रमांकांची दोन विमाने एकाच लहरीवर आली की एकाचा आदेश दुसरा उचलतो. म्हणून आता अनेक कंपन्या उड्डाण क्रमांकाऐवजी अक्षरे मिसळलेले कॉलसाइन घेतात. आकड्यांच्याही खोडी आहेत. 'वन झीरो थाउजंड' आणि 'वन वन थाउजंड' यांत हजार फुटांचा फरक, आणि उच्चारात एका शब्दाचा. नऊ हा आकडा 'नाइनर' आणि तीन हा 'ट्री' असा म्हणावा असे जागतिक नियम सांगतात, तो याच खोडींवरचा उतारा आहे.

तरीही सर्वांत मोठा धोका आवाजाचा नाही, अपेक्षेचा आहे. दादरला रोज तीच लोकल धरणारा माणूस फलाटावरची घोषणा ऐकत नाही, ओळखतो. पहिला शब्द कानावर पडला की बाकीचे मन भरून काढते. वैमानिकही रोजच्या मार्गावर असाच ऐकतो. जे आदेश यायचे तेच येणार अशी मनाची तयारी असते, आणि नेमका त्या दिवशी वेगळा आदेश आला तर कान तो नेहमीच्या साच्यात बसवतो. नियंत्रकही तसाच : आपण जे सांगितले तेच परत येणार, या अपेक्षेने तो रीडबॅक ऐकतो. 'नासा'ने 1976 मध्ये सुरू केलेल्या गोपनीय तक्रार-योजनेतल्या सुमारे 28,000 नोंदींचा अभ्यास 1981 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या 70 टक्क्यांहून अधिक नोंदींत माहिती पोहोचण्यात कुठेतरी खोट होती. अपेक्षा ही त्या खोटीची एक जुनी जननी आहे.

शब्दांनी घडवलेले अपघात

टेनेरिफ, 27 मार्च 1977. नागरी विमानवाहतुकीच्या इतिहासातला सर्वांत मोठा अपघात, 583 मृत्यू. ग्रान कनारिया विमानतळावर बॉम्ब फुटल्याने शेजारच्या टेनेरिफ बेटावरच्या लॉस रोदेओस या लहान विमानतळावर विमानांची गर्दी झाली होती, आणि तशात धुके उतरले. धावपट्टीच्या एका टोकाला केएलएमचे 747 उड्डाणाच्या तयारीत होते आणि त्याच धावपट्टीवरून पॅन अॅमचे 747 हळूहळू पुढे येत होते. डच सहवैमानिकाने 'आम्ही आता टेकऑफला' अशा अर्थाचे संदिग्ध वाक्य उच्चारले. नियंत्रकाने ते 'उड्डाणासाठी सज्ज आहोत' असे समजून आधी 'ओके' म्हटले आणि मग थांबायला सांगितले. त्याच क्षणी पॅन अॅमचा वैमानिकही बोलू लागला की आम्ही अजून धावपट्टीवर आहोत. दोन्ही संदेश एकमेकांत अडकले आणि डच कॉकपिटमध्ये 'ओके'नंतर शिट्टी तेवढी पोहोचली. फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली, ते पॅन अॅम अजून बाजूला झाले नाही का? कंपनीच्या ज्येष्ठांत गणल्या जाणाऱ्या कॅप्टनने ती उडवून लावली आणि वेग घेतलेले विमान पॅन अॅमवर आदळले.

या अपघाताची एक बाजू कमी सांगितली जाते. नेदरलँड्समध्ये काही महिन्यांपूर्वीच ड्युटीच्या तासांचे नियम कडक झाले होते, आणि मर्यादा ओलांडणे हा कॅप्टनच्या मर्जीचा विषय उरला नव्हता. उशीर वाढला असता तर चालक दलाचे तास संपले असते, शेकडो प्रवाशांना रात्रभर बेटावर ठेवावे लागले असते. थकव्यापासून वाचवण्यासाठी केलेला नियमच त्या संध्याकाळी घाईचे कारण झाला. तासांना कुलूप घालताना वेळापत्रकात सवड ठेवली नाही, तर नियमाचा असाही उलटा परिणाम होतो. पुढे 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचे, असे ठरले. कॉकपिटमध्ये कनिष्ठाने बोलावे आणि ज्येष्ठाने ऐकावे याचे पद्धतशीर प्रशिक्षणही याच अपघातानंतर जोमाने सुरू झाले.

25 जानेवारी 1990 रोजी अॅविआंका कंपनीचे बोइंग 707 न्यूयॉर्कजवळ कोव्ह नेक इथे कोसळले, कारण टाक्यांत इंधनच उरले नव्हते. तासाहून अधिक काळ घिरट्या घालताना सहवैमानिकाने 'प्रायॉरिटी' मागितली, 'इमर्जन्सी' हा शब्द उच्चारला नाही. नियंत्रकांच्या लेखी दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक होता. 73 जण गेले.

आपल्या आठवणीतला अपघात चरखी दादरीचा. 12 नोव्हेंबर 1996 च्या संध्याकाळी दिल्लीहून निघालेले सौदियाचे 747 आणि दिल्लीला येणारे कझाकस्तानचे इल्युशिन-76 हरियाणाच्या आकाशात धडकले, 349 मृत्यू. सौदी विमानाला 14,000 फुटांवर आणि कझाक विमानाला 15,000 फुटांवर राहायचे होते. कझाक विमान खाली घसरले. न्या. आर. सी. लाहोटी आयोगाने दिलेल्या उंचीखाली उतरण्याचा दोष कझाक चालक दलावर ठेवला, आणि इंग्रजीचे अपुरे ज्ञान हे त्यामागच्या कारणांत नोंदवले. त्या विमानात रेडिओवर वेगळा ऑपरेटर बोलत असे आणि त्याच्यापुढे स्वतःचे उंचीमापक नव्हते. वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून त्याला आकडे पाहावे लागत. आदेश ऐकणारा एक आणि विमान हाताळणारा दुसरा, मध्ये भाषांतर. त्या वेळी दिल्लीत येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांसाठी एकच हवाई मार्गिका होती आणि नियंत्रकाच्या पडद्यावर विमानांची उंची दाखवणारे रडार अजून कार्यान्वित झाले नव्हते. अपघातानंतर टक्कर टाळणारी यंत्रणा भारतात सक्तीची झाली, येण्याजाण्याचे मार्ग वेगळे झाले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने इंग्रजी प्रावीण्याच्या सहा पायऱ्या ठरवल्या आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी किमान चौथी पायरी आवश्यक केली.

या सगळ्या दुरुस्त्या शब्दांच्या होत्या आणि त्यांनी बराच फरक पाडला. पण 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जे झाले त्याने या वाटेची मर्यादा दाखवली. नोटो भूकंपग्रस्तांसाठी मदत नेणाऱ्या तटरक्षक दलाच्या विमानाला नियंत्रकाने सांगितले : 'सी-5 या थांब्यापर्यंत या, तुमचा क्रमांक पहिला'. वैमानिकाने ते अचूक परत म्हणून दाखवले. रीडबॅक निर्दोष. तरीही 'पहिला क्रमांक' ऐकून धावपट्टीवर जायची परवानगी मिळाली असे कॅप्टनच्या मनाने घेतले. विमान धावपट्टीवर जाऊन सुमारे 40 सेकंद उभे राहिले आणि मागून उतरणारे जपान एअरलाइन्सचे एअरबस ए-350 त्याच्यावर आदळले. तटरक्षक विमानातल्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. मोठ्या विमानातले सर्व 379 जण बाहेर पडले. रीडबॅकने कान तपासले जातात. ऐकलेल्याचा अर्थ मनाने काय लावला, हे त्यातून कळत नाही. तो अर्थ लावणारे मन ताजे आहे की शिणलेले, हा प्रश्न मग टाळता येत नाही.

शरीराचे घड्याळ

थकव्याबद्दल बोलताना पहिली गफलत होते ती तो श्रमाशी जोडण्यात. वैमानिक खुर्चीत बसलेला असतो, विमान बहुतांश वेळ ऑटोपायलटवर असते, मग दमायला काय झाले, हा प्रश्न वरवर रास्त वाटतो. पण इथला थकवा झोपेचा आहे. तो तीन गोष्टींवर ठरतो : किती वेळ सलग जागे आहात, गेल्या काही दिवसांत किती झोप कमी पडली आहे, आणि शरीराच्या घड्याळात आत्ता किती वाजले आहेत. पहाटे दोन ते सहा या काळात शरीराचे तापमान आणि सावधपणा तळाला असतो. दुपारी कितीही झोपून घेतले तरी तो तळ पुरता भरून निघत नाही. सलग 17 तास जागे असलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्यार्क असल्यासारखी होते आणि 24 तासांनंतर 0.10 टक्के असल्यासारखी, हे 1997 मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने दाखवले. दारू प्यायलेल्याला कॉकपिटमध्ये कोणी जाऊ देत नाही. जागरणासाठी मात्र फुंकून पाहायचे यंत्र नाही.

झोपेच्या कमतरतेने आधी हात थरथरत नाहीत. आधी जाते ती लवचीकता. मन एकाच गोष्टीला चिकटून बसते, नवीन माहिती आली तरी जुना समज सोडत नाही, आणि आपण ठीक आहोत असा त्याला भरवसा वाटत राहतो. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने थकव्याला विमान अपघाताचे मुख्य कारण म्हणून पहिल्यांदा नोंदवले ते ग्वांतानामोच्या अपघातात. 18 ऑगस्ट 1993 रोजी तिथे मालवाहू डीसी-8 धावपट्टीच्या तोंडाशी कोसळले. तिघे कर्मचारी बचावले. कॅप्टन जवळपास 23 तास जागा होता. शेवटच्या मिनिटांत तो जमिनीवरचा एक लुकलुकता दिवा शोधत राहिला, जो त्या दिवशी बंदच होता. वेग घटतोय असे सहकारी सांगत होते, आणि ते त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हते. ग्वांतानामोपासून सुरू झालेली ही यादी पुढे ग्वाम, बफेलो, बर्मिंगहॅम इथल्या अपघातांनी वाढत गेली.

जिथे दोन्ही गोष्टी भेटतात

22 मे 2010 च्या सकाळी मंगळूरच्या टेबलटॉप धावपट्टीवरून एअर इंडिया एक्स्प्रेसचे दुबईहून आलेले बोइंग 737 दरीत गेले. 158 मृत्यू झाले, आठ जण वाचले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. तिच्या अहवालातला क्रम नीट पाहण्यासारखा आहे. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणानुसार कॅप्टन दीड तासाहून अधिक काळ झोपेत होता. वेळ शरीराच्या घड्याळातली सर्वांत वाईट. मंगळूरचे रडार बंद असल्याने विमानाला नेहमीपेक्षा उशिरा खाली यायची परवानगी मिळाली, त्यामुळे ते गरजेपेक्षा बरेच उंच होते. कॅप्टन नुकताच जागा झालेला. गाढ झोपेतून उठल्यावर काही काळ मेंदूवर जो जडपणा राहतो, त्याने निर्णय बिघडला असे अहवाल सांगतो. टॉवरने विचारले, मार्गावर स्थिर आहात का? विमान स्थिर नव्हते. कॅप्टनच्या सांगण्यावरून सहवैमानिकाने 'अफर्मेटिव्ह' कळवले आणि उतरण्याची परवानगी आली. सहवैमानिकाने 'गो अराउंड', म्हणजे न उतरता पुन्हा वर चला, असे तीनदा म्हटले. 8,000 फुटांच्या धावपट्टीवर विमान टेकले ते 5,200 फूट ओलांडून.

या अपघातात रेडिओवरचा एकही शब्द चुकीचा ऐकला गेला नव्हता. पण टॉवरच्या प्रश्नातला इशारा आणि शेजारच्या खुर्चीतून तीनदा आलेली हाक, दोन्ही एका दमलेल्या माणसापाशी येऊन विरून गेली.

7 जुलै 2017 ची सॅन फ्रान्सिस्कोमधली घटना अपघात झाली नाही म्हणून कमी लोकांना ठाऊक आहे. मध्यरात्रीच्या जरा आधी टोरांटोहून आलेले एअर कॅनडाचे ए-320 धावपट्टीऐवजी शेजारच्या टॅक्सीवेवर उतरू लागले. तिथे प्रवाशांनी भरलेली चार विमाने रांगेत उभी होती. जोड धावपट्टी त्या रात्री बंद आणि अंधारात होती. ती बंद असल्याची सूचना उड्डाणापूर्वीच्या कागदपत्रांत होती, पण वैमानिकांच्या लक्षात राहिली नाही. कॅप्टन राखीव ड्युटीवर होता आणि 19 तासांहून अधिक काळ जागा होता. टोरांटोच्या घड्याळात पहाटेचे तीन वाजत होते. धावपट्टीवर दिवे दिसताहेत, असे त्यांनी टॉवरला विचारलेही. टॉवरमध्ये त्या वेळी एकच नियंत्रक दोन जागांचे काम पाहत होता. त्याने सांगितले, धावपट्टीवर तुमच्याशिवाय कोणी नाही. उत्तर खरे होते. दमलेल्या मनाने ते आपल्या चुकीच्या चित्रात बसवून टाकले. रांगेतल्या एका वैमानिकाने रेडिओवर ओरडून शंका काढली आणि त्याच सुमारास गोष्ट सावरली. विमान सर्वांत खाली आले तेव्हा जमिनीपासून साठेक फुटांवर होते.

इंडोनेशियात 25 जानेवारी 2024 रोजी तर कान पूर्णच मिटले. केंदारीहून जकार्ताला निघालेल्या बातिक एअरच्या ए-320 मध्ये दोन्ही वैमानिक एकाच वेळी झोपले आणि 28 मिनिटे नियंत्रकांच्या हाकांना उत्तर मिळाले नाही. सहवैमानिकाच्या घरी महिन्याभराची जुळी मुले होती. विमानात 153 प्रवासी होते. इजा कोणाला झाली नाही, म्हणून या घटनेला अपघाताइतके वजन मिळाले नाही.

तासांचे नियम

अमेरिकेत नियम बदलले ते बफेलोच्या अपघातानंतर. 12 फेब्रुवारी 2009 रोजी कोल्गन एअरचे विमान कोसळून 50 जण गेले. त्यातली सहवैमानिक आदल्या रात्री सिअॅटलहून दुसऱ्या विमानांत बसून देश ओलांडत ड्युटीवर आली होती. 2014 पासून लागू झालेल्या नियमांनी ड्युटीआधी किमान 10 तासांची विश्रांती आणि त्यात 8 तास सलग झोपेची संधी सक्तीची केली. मालवाहू कंपन्यांना मात्र यातून वगळले. 14 ऑगस्ट 2013 रोजी पहाटे बर्मिंगहॅममध्ये कोसळलेल्या यूपीएसच्या विमानातले दोन्ही वैमानिक त्याच उड्डाणात याच येऊ घातलेल्या सवलतीविषयी बोलत होते. त्यांचे बोलणे मुद्रित झाले आहे. पेटाऱ्यांच्या विमानातल्या माणसाला झोप कमी लागते, असा शरीरशास्त्राचा नियम नाही.

भारतात नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जानेवारी 2024 मध्ये ड्युटीचे सुधारित नियम जाहीर केले. साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर गेली. रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत वाढली. रात्रीच्या ड्युटीतली लँडिंग सहावरून दोनवर आली. कंपन्यांनी दर तिमाहीला थकव्याचा अहवाल द्यावा असेही ठरले. कंपन्यांचा विरोध, मुदतवाढ, दिल्ली उच्च न्यायालयातले खटले या वळणांनी नियम 1 जुलै आणि 1 नोव्हेंबर 2025 अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्याआधी, ऑगस्ट 2023 मध्ये, नागपूर विमानतळावर एक वैमानिक उड्डाणापूर्वी बोर्डिंग गेटपाशी कोसळून मरण पावला, तेव्हा महाराष्ट्रात या विषयाची चर्चा झाली होती. त्या मृत्यूला थकवा जबाबदार होता असे म्हणायला आधार नाही. पण वैमानिकांचे रोस्टर कसे असते हा प्रश्न सामान्य वाचकांनी तेव्हा पहिल्यांदा विचारला.

डिसेंबर 2025 च्या सुरुवातीला देशाने उरलेले पाहिले. नव्या नियमांना पुरेसे वैमानिक हाताशी नसल्याने देशातली सर्वांत मोठी कंपनी असलेल्या इंडिगोची हजारो उड्डाणे काही दिवसांत रद्द झाली. मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूरच्या टर्मिनलांत लोक बॅगांवर झोपले. डीजीसीएने त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून काही आठवड्यांची सूट दिली. प्रवाशांचा राग समजण्यासारखा होता. पण त्या आठवड्यात बरीच माणसे नियमांनाच दोष देऊ लागली, ते चुकीचे होते. जवळपास दोन वर्षे आधी जाहीर झालेला नियम पाळायला माणसे कमी पडत असतील, तर आधीचे वेळापत्रक कोणाच्या झोपेवर चालले होते, हा प्रश्न तिथे विचारायला हवा होता.

तासांच्या नियमांचीही मर्यादा आहे. वर्षाला 1,000 उड्डाण-तासांची कमाल मर्यादा ऐकायला सुटसुटीत वाटते, पण उड्डाण-तास म्हणजे ड्युटी नव्हे. विमानतळावरची हजेरी, दोन उड्डाणांमधली वाट पाहणे, घर ते विमानतळ हा मुंबईसारख्या शहरातला प्रवास त्यात येत नाही. सकाळची, मग रात्रीची, मग पुन्हा पहाटेची ड्युटी लावली तर तास नियमात बसतात आणि झोप बसत नाही. म्हणून 2011 पासून आंतरराष्ट्रीय मानकांनी थकव्याचे व्यवस्थापन ही कल्पना पुढे आणली : प्रत्यक्ष झोपेची माहिती गोळा करायची, रोस्टर तपासायचे, बदलायचे. कॉकपिटमधली आखीव डुलकी हाही त्यातला एक उपाय. 'नासा'च्या 1994 च्या अभ्यासात पॅसिफिकवरच्या लांब उड्डाणांत 40 मिनिटांची संधी दिल्यावर वैमानिक सरासरी 26 मिनिटे झोपले, आणि पुढच्या टप्प्यात ते अधिक सावध राहिले. ज्यांना संधी मिळाली नाही त्यांना उतरतानाही क्षणभराच्या डुलक्या लागत होत्या. काही देशांनी ही डुलकी नियमांत बसवली. ज्या अमेरिकेत हा अभ्यास झाला, तिथे ती अजून बसलेली नाही.

टॉवरमधला माणूस आणि पडद्यावरचे शब्द

हिअरबॅक हा नियंत्रकाचा भाग, आणि नियंत्रकही पाळ्यांत काम करतो. 27 ऑगस्ट 2006 रोजी लेक्सिंग्टनमध्ये एक विमान चुकीच्या, आखूड धावपट्टीवरून उडू पाहत कोसळले आणि 49 जण गेले. टॉवरमध्ये एकटा नियंत्रक होता आणि दोन पाळ्यांमध्ये त्याला जेमतेम दोन तास झोप मिळाली होती. अमेरिकेने नियंत्रकांच्या दोन पाळ्यांमधली किमान विश्रांती 10 तासांवर नेली ती 2024 मध्ये. मुंबईत एका वेळी एकच धावपट्टी वापरता येते आणि दिवसाला 900 ते 1,000 उड्डाणे तिच्यावरून होतात. अशा ठिकाणी लहरीवर 'पुन्हा सांगा' म्हणायलाही फट सापडत नाही, तेव्हा वैमानिकाच्या झोपेइतकाच नियंत्रकाच्या झोपेचा हिशेब महत्त्वाचा होतो.

यंत्रे मदत करतात. अरबी समुद्रावरच्या मुंबईच्या हवाई क्षेत्रात लांबच्या विमानांना आता आदेश लिखित संदेशाने जातात. खरखरत्या रेडिओपेक्षा ते बरे. धावपट्टी व्यापलेली असेल तर लाल होणारे दिवे काही मोठ्या विमानतळांवर बसले आहेत. पण विमान उतरत असताना मिनिटाला अनेक आदेश येतात, तिथे टंकलेला संदेश पुरत नाही आणि आवाजच लागतो. हानेदात धावपट्टी व्यापल्याचे नियंत्रकाच्या पडद्यावर दिसत होते, कोणाचे लक्ष गेले नाही. पाहणाराही माणूसच असतो.

'पुन्हा सांगा'ची किंमत

'सेफ्टी मॅटर्स फाउंडेशन'ने 2022 मध्ये भारतातल्या 542 वैमानिकांची पाहणी केली. सहकाऱ्याला न सांगता कॉकपिटमध्ये डुलकी लागल्याची कबुली 66 टक्क्यांनी दिली. या आकड्यातला चिंतेचा भाग डुलकी नाही, 'न सांगता' हा आहे. सांगितले असते तर शेजारचा दुप्पट सावध राहिला असता, नियंत्रकाकडून आदेश दोनदा मागून घेतला असता. सांगता येत नाही, कारण 'आज मी उडू शकत नाही' म्हणणाऱ्याला प्रश्न विचारले जातील, रोस्टरमध्ये नाव खाली जाईल ही भीती असते. 'पुन्हा सांगा' म्हणणाऱ्याचीही तीच गत : गजबजलेल्या लहरीवर दुसऱ्यांदा विचारणे म्हणजे कच्चेपणा, असा एक अलिखित समज आहे.

या सगळ्या अहवालांतून निघणारे काम मोठ्या खर्चाचे नाही. एका आदेशात तीनपेक्षा अधिक बाबी नकोत, रात्री आणि पहाटे तर नकोच. रेडिओवरच्या प्रत्येक गंभीर चुकीच्या चौकशीत दोन्ही बाजूंच्या गेल्या 72 तासांच्या झोपेची नोंद घ्यावी. आज ती बहुधा मोठ्या अपघातानंतरच घेतली जाते. कंपन्या डीजीसीएला थकव्याचे तिमाही अहवाल देतात ते जनतेसमोर यावेत : किती वैमानिकांनी थकवा कळवला, किती जणांचे म्हणणे मान्य झाले, आणि त्यामुळे कोणते रोस्टर बदलले. रोस्टरवाल्यांनी भाषेच्या परीक्षेचे निकाल पाहावेत आणि शब्दावली ठरवणाऱ्यांनी रोस्टर, म्हणजे दोन फायली एका टेबलावर येतील.

गेल्या पन्नास वर्षांत जगाने शब्द सुधारले, यंत्रे आणली, तास मोजले. या प्रत्येक पावलाने माणसे वाचली. आता उरलेला धोका त्या दोन सेकंदांत आहे, जेव्हा ऐकलेले खरे वाटते पण कुठेतरी खटकते. त्या खटकण्याला पुरेशी झोप लागते, आणि ते बोलून दाखवायला पगाराची चिंता नसावी लागते. कोणत्याही कंपनीचे सुरक्षा धोरण तपासायचे असेल तर त्यातल्या घोषणा बाजूला ठेवून एवढेच विचारावे : गेल्या वर्षी इथे किती वैमानिकांनी 'आज नाही' म्हटले, आणि त्यांना त्याची काय किंमत मोजावी लागली?